चाचणीचीच परीक्षा

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात परभणी तालुक्यातले मुरुंबा हे गाव एकाएकी सगळ्या वर्तमानपत्रांत आले. गावात एका बचत गटाने चालवलेल्या कुक्कुटपालन केंद्रात दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या होत्या. नमुने तपासणीला गेले आणि ११ जानेवारीला जिल्हा प्रशासनाने जाहीर केले की हा बर्ड फ्लू आहे. केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारून पुरण्याचे आदेश निघाले. दहा किलोमीटरच्या परिघात कोंबड्यांची खरेदी-विक्री व वाहतूक बंद झाली.

बातमी म्हणून एवढे पुरे. पण विज्ञान शिकवणाऱ्याला यात एक वेगळा प्रश्न दिसायला हवा. कोंबड्या मरू लागल्या तो दिवस आणि कारण कळले तो दिवस, या दोहोंच्या मध्ये काय घडते? आणि जे उत्तर येते त्यावर आपण किती विसंबायचे?

हा प्रश्न एका गावच्या कोंबड्यांपुरता नाही. रोगजंतू मुद्दाम पसरवून माणसे, जनावरे किंवा पिके यांना इजा करणे याला जैविक दहशतवाद म्हणतात. असा हल्ला झाला तर पहिल्या दिवशी तो कसा दिसेल? अगदी नैसर्गिक साथीसारखाच. ताप, खोकला, मरून पडलेली जनावरे. म्हणून हल्ला ओळखण्याची साधने आणि रोज उद्भवणाऱ्या साथी ओळखण्याची साधने ही मुळात एकच आहेत. २००१ नंतर मात्र ‘हल्ला ओळखणारी’ म्हणून अनेक उपकरणे जगभर पुढे आली. काही मिनिटांत उत्तर, नव्व्याण्णव टक्के अचूक, असे दावे त्यांच्या माहितीपत्रकांत असतात. या लेखात आम्ही अशा साधनांची समीक्षा करणार आहोत. कसोट्या चार. साधन नेमके काय ओळखते? ते किती चुकते, आणि कोणत्या बाजूला चुकते? उत्तर किती वेळात आणि कुठे मिळते? आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय करता येते?

पट्टीवरची रेघ

सर्वांत साधे साधन म्हणजे कागदी पट्टी. गर्भधारणेची किंवा कोविडची घरगुती चाचणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पट्टी ओळखीची आहे. पट्टीवर विशिष्ट जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे लावलेली असतात, आणि त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात. नमुन्यात तो जंतू असला तर कण एका रेषेत अडकून राहतात व लालसर रेघ उमटते. वीज नको, तंत्रज्ञ नको, पंधरा-वीस मिनिटांत निकाल.

सप्टेंबर-ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत काळपुळीचे बीजाणू घातलेली पत्रे टपालातून पाठवली गेली. २२ जणांना लागण झाली व ५ जण दगावले. (काळपुळी म्हणजेच इंग्रजीतला अँथ्रॅक्स. जनावरांतल्या या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात.) त्या दिवसांत पांढरी भुकटी दिसली की लोक घाबरत, आणि अग्निशमन दलापासून खासगी कंपन्यांपर्यंत सारे जण अशा पट्ट्या वापरू लागले. तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २००१ मध्येच इशारा दिला की या पट्ट्यांच्या निकालावर निर्णय घेऊ नका. कारणे दोन होती. नमुन्यात सुमारे दहा हजार बीजाणू असल्याशिवाय रेघ उमटत नाही, म्हणजे रेघ नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. दुसरे असे की काळपुळीच्या जंतूचे काही भाऊबंद सर्वत्र मातीत राहतात. ते निरुपद्रवी किंवा फारसे घातक नसतात, पण पट्टी कधी कधी त्यांनाही पकडते. म्हणजे रेघ आली याचाही अर्थ धोका आहे असा होत नाही.

माहितीपत्रकातला नव्व्याण्णव टक्क्यांचा दावा मग खोटा होता का? तसे नाही. तो आकडा बहुधा प्रयोगशाळेत, शुद्ध नमुन्यांवर काढलेला असतो. टपालाच्या थैलीतली धूळ, कोंबडीची विष्ठा किंवा शेतातली माती यांवर तो तसाच टिकतो का, हे वेगळे तपासावे लागते. चाचणी कोणत्या नमुन्यांवर तपासली हे न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे प्रश्नपत्रिका न दाखवता सांगितलेले गुण.

हरभऱ्यांचा हिशेब

पण समजा, चाचणी खरोखरच चांगली आहे. दूषित असलेल्या शंभरांपैकी ९५ ती पकडते (याला संवेदनशीलता म्हणतात) आणि निर्दोष असलेल्या शंभरांपैकी ९८ ती निर्दोष ठरवते (याला विशिष्टता म्हणतात). मग ती विश्वासार्ह आहे का? याचे उत्तर चाचणीकडे पाहून देताच येत नाही! कसे ते पाहू.

एका टपाल कार्यालयात १०,००० पाकिटे तपासली. त्यांतले एकच खरोखर दूषित आहे. ते एक चाचणी बहुधा पकडेल. पण उरलेल्या ९,९९९ निर्दोष पाकिटांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे २०० पाकिटांवरही ती खोटा इशारा देईल. एकूण इशारे २०१, त्यांत खरा एक. म्हणजे इशारा मिळाल्यावर तो खोटा असण्याचीच शक्यता फार मोठी.

आता तीच चाचणी कोंबड्या पटापट मरत असलेल्या खुराड्यात नेऊ. तिथून शंभर नमुने घेतले आणि समजा त्यांतले ८० खरोखर बाधित आहेत. चाचणी ७६ पकडेल, ४ सोडेल. उरलेल्या २० पैकी फार तर एखाद्यावर खोटा इशारा. म्हणजे येथे ‘आहे’ असे उत्तर आले तर ते जवळजवळ नक्की खरे. पण ‘नाही’ असे उत्तर साधारण २४ नमुन्यांचे येईल आणि त्यांतले ४ चुकीचे असतील. सहातले एक ‘नाही’ खोटे!

चाचणी तीच, पट्टी तीच. टपालात तिच्या ‘आहे’वर विश्वास ठेवता येत नाही, खुराड्यात तिच्या ‘नाही’वर. आमच्या मते जैविक धोक्याच्या साधनांविषयी शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि माहितीपत्रकांत ती जवळजवळ कधीच नसते. चाचणीची किंमत निम्मी चाचणीत असते आणि निम्मी ती जिथे वापरली त्या जागेत.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. एका पिशवीत ४९ साधे हरभरे आणि शाईने रंगवलेला एक हरभरा घाला. ही आपली चाचणी. रंगीत हरभरा म्हणजे खोटा इशारा. चाळीस मुलांनी प्रत्येकी पंचवीस वेळा न पाहता हरभरा काढायचा, नोंद करायची व परत टाकायचा. हजार वेळा काढून झाल्यावर सुमारे वीस इशारे मिळतील. मग मुलांना सांगा की हजारांत दूषित पाकीट एकही नव्हते. मुलांच्या चेहऱ्यांवर जे उमटेल ते टक्केवारीच्या दहा उदाहरणांनी उमटत नाही.

आपण शिक्षकांनी तर हे स्वतःवर अनुभवले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू करण्यापूर्वी शिक्षकांच्या कोविड चाचण्या झाल्या. लक्षणे नसलेल्या हजारो माणसांची ती चाळणी होती. म्हणजे आपली स्थिती पाकिटांसारखी होती. उलट, ताप-खोकला असलेल्या रुग्णाची जलद पट्टी-चाचणी ‘नाही’ म्हणाली तर पुन्हा पीसीआर करा, आणि ‘आहे’ म्हणाली तर ते खरे माना, असा नियम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२० मध्येच घालून दिला होता. अनेकांना तो नियम विचित्र वाटला. खुराड्याचा हिशेब पाहिला की त्यात विचित्र काही राहत नाही.

हवेतले पहारेकरी

आता सर्वांत महागड्या साधनाकडे वळू. पत्रांच्या घटनेनंतर अमेरिकेने २००३ मध्ये ‘बायोवॉच’ नावाची योजना सुरू केली. तीसहून अधिक मोठ्या शहरांत हवा खेचून घेणारी यंत्रे बसवली. त्यांतल्या गाळण्या माणसे रोज काढून नेतात व प्रयोगशाळेत त्यांवर जनुकीय तपासणी होते. हवेत जंतू आल्यापासून उत्तर मिळेपर्यंत बारा ते छत्तीस तास जातात.

दिवसेंदिवस, शहरोशहरी, वर्षानुवर्षे तपासणी, आणि खरा हल्ला जवळजवळ कधीच नाही. म्हणजे ही पाकिटांची स्थिती, तीही हजारपटीने मोठी. २००३ ते २०१४ या काळात या यंत्रणेने १४९ वेळा जंतू सापडल्याची खूण दिली. त्यांतली एकही हल्ल्याची नव्हती. यंत्र बिघडले होते असेही नाही. निसर्गात, मातीत, प्राण्यांत ते जंतू किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक असतातच, आणि ते हवेत उडतात. आपोआप तपासणी करणारी पुढची आवृत्ती तयार करण्याचा बेत २०१४ मध्ये सोडून द्यावा लागला.

वारंवार खोटी ठरणारी घंटा नुसती निरुपयोगी नसते, ती घातकही असते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिलीपासून सांगतो. प्रत्येक इशाऱ्यावर शहर रिकामे केले तर गोंधळ, आणि एकाही इशाऱ्यावर काही केले नाही तर यंत्र कशाला? म्हणून चौथ्या कसोटीवर बायोवॉच आम्हाला सर्वांत दुबळे वाटते. त्याच्या उत्तरानंतर काय करायचे, हे उत्तर देणाऱ्यालाच ठामपणे सांगता येत नाही.

टपालातून क्षयरोगाच्या दवाखान्यात

याच पत्रांच्या घटनेतून निघालेले एक साधन मात्र उजवे ठरले. अमेरिकेच्या टपाल छाटणी केंद्रांत काळपुळीचे बीजाणू शोधण्यासाठी जी यंत्रणा बसवली गेली तिच्या पोटात ‘जीनएक्स्पर्ट’ या तंत्राची बंद डबी होती. नमुना डबीत टाकला की आतच जंतूचे जनुक वेगळे होते, त्याच्या लक्षावधी प्रती तयार होतात आणि त्या चमकून दिसतात. हीच पीसीआरची क्रिया. मात्र नेहमीच्या पीसीआरला लागणाऱ्या वेगवेगळ्या खोल्या आणि तरबेज हात इथे लागत नाहीत.

हेच तंत्र क्षयरोगासाठी वापरता येईल हे लक्षात आले. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी क्षयरोग विभागात ‘सीबीनॅट’ या नावाने जे यंत्र असते ते हेच. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांवर चालेल का, याचे उत्तर ते सुमारे दोन तासांत देते. गोव्यात तयार होणारे ‘ट्रूनॅट’ हे त्याच जातीचे, पण बॅटरीवर चालणारे यंत्र. त्याला २०२० मध्ये जागतिक मान्यता मिळाली. डबीऐवजी चिप बदलली की दुसरा रोग तपासता येतो. म्हणूनच २०२० मध्ये ही दोन्ही यंत्रे कोविडच्या कामाला रातोरात जुंपता आली.

या साधनाला आम्ही वरचा क्रमांक देतो, पण त्याचे कारण त्याची अचूकता नव्हे. ते रोज वापरले जाते, हे खरे कारण. जे यंत्र वर्षातून एकदाही वापरले जात नाही त्याची रसायने मुदत संपून वाया जातात, तंत्रज्ञाचा हात बसत नाही, आणि ऐन वेळी चार्जर सापडत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवलेला सूक्ष्मदर्शक आठवा! संकटासाठी जपून ठेवलेले साधन संकटात चालत नाही. रोजच्या क्षयरोगासाठी राबणारे यंत्र मात्र संकटातही चालते. फक्त एक उणीव लक्षात ठेवायला हवी. ज्या जंतूची डबी किंवा चिप घातली आहे तोच जंतू ते शोधते. शेजारी दुसराच जंतू असला तरी ते फक्त ‘नाही’ एवढेच म्हणेल.

जुने ते सगळेच टाकाऊ नाही

नव्याचे कौतुक करताना एका जुन्या साधनाला अन्याय होऊ नये. फाशीने जनावर मेल्याचा संशय असेल तर पशुवैद्य शव उघडत नाहीत, कारण हवा लागली की जंतू बीजाणू बनतात आणि ते जमिनीत अनेक वर्षे टिकतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर पसरतात आणि पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या, चौकोनी टोकांच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसले की निदान झाले. ही रीत १९०३ पासूनची आहे. खर्च नगण्य आणि वेळ तासाच्या आत. परभणीसारख्या पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या गावात ती करणारे हात उपलब्ध असतात. जनावर ताजे मेलेले असेल तेव्हाच ती चांगली चालते, ही तिची मर्यादा.

२००१ च्या त्या हल्ल्याचा पत्ताही असाच लागला, हे सहसा सांगितले जात नाही. फ्लोरिडात २ ऑक्टोबरला एक रुग्ण आला. डॉ. लॅरी बुश यांनी त्याच्या मणक्यातून काढलेले पाणी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात दिसलेल्या जाडसर कांड्या पाहून त्यांना काळपुळीची शंका आली. नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे या जंतूच्या तपासणीचे प्रशिक्षण घेतलेली माणसे होती. दोन दिवसांत निदान पक्के झाले. पहिली घंटा कोणत्याही यंत्राने वाजवली नव्हती.

आणि साधन असूनही ते कोणासाठी वापरायचे हा प्रश्न उरतोच. १५ ऑक्टोबरला एका सिनेटरच्या कार्यालयात दूषित पत्र उघडले गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांची लगेच तपासणी झाली, त्यांना औषधे मिळाली. ते पत्र ज्या टपाल केंद्रातून आले होते तिथले कामगार मात्र २१ तारखेपर्यंत काम करत राहिले. बंद पाकिटातून बीजाणू बाहेर पडणार नाहीत असे गृहीत धरले गेले होते. त्या केंद्रातले दोन कामगार दगावले.

प्रयोगशाळा जे सांगत नाही

निदान अगदी अचूक झाले तरी सगळे कळते असे नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील द डॅल्स या गावात ७५१ जणांना जुलाब-उलट्या झाल्या. विष्ठेची तपासणी झाली, साल्मोनेला जंतू सापडला, त्याचा प्रकारही कळला. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले. पण तो अन्नात आला कसा? हॉटेलांतल्या कामगारांच्या अस्वच्छतेमुळे आला असावा, असा निष्कर्ष निघाला. खरे कारण वर्षभराने उघड झाले. जवळच्या रजनीशपुरम वसाहतीतील काही जणांनी स्थानिक निवडणुकीत मतदारांना घरी बसवण्यासाठी हॉटेलांतल्या कोशिंबिरींत ते जंतू मिसळले होते. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये स्वतः रजनीशांनी आपल्या काही सहकाऱ्यांवर जाहीर आरोप केले. त्यानंतर पोलीस वसाहतीत शिरले आणि तिथल्या प्रयोगशाळेत तोच वाण सापडला.

चाचणी ‘कोणता जंतू’ हे सांगते. ‘कसा आला’ हे साथीचा माग काढणारी माणसे सांगतात, आणि ‘कोणी आणला’ हे पोलीस. तिन्ही प्रश्न एका यंत्राकडून सोडवून घेण्याची अपेक्षा ठेवली की फसगत होते.

मामला ते सुरत

आपल्या मराठवाड्यानेही हा धडा महाग किमतीला घेतला आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ माणसांना जांघेत गाठी व ताप येऊ लागला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत खानदेश-मराठवाड्यातून कामासाठी गेलेले मजूरही होते. औषधाच्या दुकानांतले टेट्रासायक्लिन संपले, परदेशी विमाने बंद झाली, निर्यात थांबली.

आणि हा खरोखर प्लेग आहे का, यावर तज्ज्ञांत वाद पेटला. कोणी लेप्टोस्पायरोसिस म्हटले, कोणी मेलिऑयडोसिस, कोणी हंटा विषाणू. जंतूचे हे मुद्दाम केलेले काम असावे, अशी कुजबुजही झाली. जागतिक आरोग्य संघटनेला कळवलेली संभाव्य रुग्णांची संख्या ८७६ होती व मृत्यू ५४. यातला ‘संभाव्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेकांचे निदान रक्तातील प्रतिपिंडांवरून झाले होते, जंतू वाढवून नव्हे. कारण अनेक रुग्णांनी नमुना देण्याआधीच टेट्रासायक्लिन घेतले होते, आणि औषध पोटात गेल्यावर जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. पुढे प्रा. वि. रामलिंगस्वामी यांच्या समितीने सगळा पुरावा तपासून प्लेगचाच निष्कर्ष दिला. २००० साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी डीएनएच्या क्रमावरून यर्सिनिया पेस्टिस हाच जंतू होता हे दाखवले.

उत्तर बरोबर होते, पण ते यायला वर्षे लागली. तोवर भीतीने करायचे ते नुकसान केले होते. आठ वर्षांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात प्लेग उद्भवला तेव्हा नमुने वेळेवर घेतले गेले, पीसीआर होती, जंतूही वाढवला गेला. १६ रुग्ण आणि ४ मृत्यूंवर साथ थांबली. साधने सुधारली होती हे खरे. पण औषधाआधी नमुना, ही शिस्तही आली होती. या शिस्तीला यंत्र लागत नाही.

पहिला शोधक कोण?

आता पुन्हा मुरुंब्याला येऊ. महाराष्ट्रात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. देशातलीही ती पहिलीच वेळ. तिथे सुरुवातीला कोंबड्या मेल्या तेव्हा अनेकांना ती नेहमीची मानमोडी वाटली. तसे वाटण्यात चूक नाही, लक्षणे मिळतीजुळती असतात. पण त्या समजुतीत दिवस गेले. पंधरा वर्षांनी परभणीत मात्र ‘बर्ड फ्लू असू शकेल’ ही शंका पहिल्या दोन दिवसांतच घेतली गेली. त्या आधीच इतर काही राज्यांतून बातम्या आल्या होत्या, लोक सावध होते. यंत्राच्या कितीतरी आधी शंका आली होती आणि यंत्राला प्रश्न त्या शंकेने विचारला.

अंतिम शिक्कामोर्तब मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा प्राणिरोग संस्थेचेच लागते. परभणीहून भोपाळ पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. असा विषाणू जिल्ह्याजिल्ह्यांत वाढवून पाहणे धोक्याचे आहे, म्हणून ही सोय समंजस आहे. पण तिसऱ्या कसोटीवर तिला पूर्ण गुण देता येत नाहीत. बर्फात नमुना बांधणे, गाडी, कागदपत्रे, रांग, हे सगळे तास चाचणीच्या वेळेतच धरायला हवेत. ‘दोन तासांत निकाल’ देणारे यंत्र दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर ती चाचणी दोन दिवसांचीच.

आणि आता शेवटचा, आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. बर्ड फ्लूमध्ये शासनाची भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. शिवाय बातमी फुटली की दहा किलोमीटरच्या परिघातल्या शेजाऱ्यांचाही धंदा बसतो. अशा वेळी पहिल्या दिवशी पन्नास कोंबड्या मेल्याचे कळवणारा माणूस स्वतःचे आणि गावाचे नुकसान ओढवून घेतो. तो गप्प बसला तर दोष कोणाचा? कोट्यवधींची यंत्रे घेताना, जो खरा पहिला शोधक आहे त्याला कळवण्याबद्दल आपण शिक्षा करतो की बक्षीस देतो, हे पाहिले पाहिजे. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झाले, त्याची पहिली पायरी गावपातळीवरची आरोग्यसेविका ठेवली गेली आहे. तिने नोंद करायची ती लक्षणांची, जंतूंची नव्हे. ही रचना बरोबर आहे. ती नोंद वेळेवर होते का आणि कोणी वाचते का, यावर मोठमोठ्या यंत्रांचे यश अवलंबून आहे.

तर आमचे प्रगतिपुस्तक असे. कागदी पट्टी खुराड्यात उपयोगी, पाकिटावर फसवी; तिच्या ‘नाही’वर झोपू नये. हवेतले पहारेकरी खर्चाच्या मानाने नापास. बंद डबीची पीसीआर उत्तम, पण रोज वापरात असेल तरच. काच आणि मिथिलीन ब्लू अजूनही उत्तीर्ण. आणि सर्वांत वर एक साधन, जे कोणत्याही माहितीपत्रकात नसते: नेहमीपेक्षा काहीतरी वेगळे घडते आहे हे ओळखणारा माणूस, आणि ते निर्भयपणे सांगता येईल अशी जागा.

हे साधन घडवण्याचे काम आपल्या वर्गात होते. गावातली मुले गुरे चारतात, कोंबड्या राखतात, उंदीर मरून पडलेले आधी पाहतात ती तीच. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, फाशीचा संशय असलेले जनावर फाडू नये, आणि दिसले ते मोठ्यांना व दवाखान्यात सांगावे, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ. हरभऱ्यांचा खेळ झाल्यावर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: पिशवीतून रंगीत हरभरा निघाला, तर तू घाबरशील, दुर्लक्ष करशील, की पुन्हा एकदा तपासशील? मुलांची उत्तरे आम्हाला कळवावीत.